सहा दिवस शाळा, सातव्या दिवशी उपासना

माझे वडील सोमवार ते शनिवार शाळा चालवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायचे. पिंपळनेर सोडून पश्चिमेला निघालं की पांझरेच्या काठची बागायत मागे पडते आणि सह्याद्रीचे फाटे सुरू होतात. त्या बाजूच्या एका पाड्यावर ही खोली होती. कुडाच्या भिंती, वर गवत, खाली शेणानं सारवलेली जमीन. फळा एकच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाबा तो उलटा करायचे. पुढच्या बाजूला पाढे, मागच्या बाजूला रविवारच्या गीतांचे क्रमांक आणि पवित्र शास्त्रातलं एखादं वचन. सोमवारी फळा पुन्हा फिरायचा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंचं पुसलं जायचं, कारण छप्पर नेमकं फळ्याच्या वरच गळायचं.

पाड्यावर त्यांना कुणी पाळक म्हटलं नाही, प्रचारकही नाही. सगळे मास्तर म्हणायचे. रविवारी सुद्धा मास्तरच. कुणी आजारी पडलं की मास्तर, कुणाचं मूल मेलं की मास्तर, फॉरेस्ट गार्डानं कुऱ्हाड जप्त केली की अर्ज लिहायला मास्तर. पिंपळनेरच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर गेलो की दुकानदार शेजारच्याला सांगायचा, ‘हाऊ मास्तरना आंडोर शे.’ आणि मग मला गुळाचा खडा मिळायचा. आम्ही घरात आम्हा आदिवासींची कोकणी बोलायचो, बाजारात अहिराणी आणि शाळेत मराठी. तिसरी भाषा शिकवण्यासाठीच बाबांना तिथे ठेवलं होतं असं मला लहानपणी वाटायचं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

पगार मिशनकडून यायचा. दर महिन्याला बाबा कंदिलाजवळ बसून दोन अहवाल लिहायचे. एकात पटावरची मुलं, सरासरी हजेरी, किती जण बाराखडीपर्यंत आले, किती जोडाक्षरांपर्यंत. दुसऱ्यात किती उपासना झाल्या, किती घरी भेटी दिल्या, शुभवर्तमानाच्या किती पुस्तिका विकल्या. दोन्ही कागद एकाच पाकिटातून बंगल्यावर जायचे. बंगला म्हणजे मिशनचा बंगला. आमच्या भागात या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता.

हे मिशन आलं कुठून, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा, १८५२ साली स्वीडनमध्ये जन्मलेला एक फिरता प्रचारक अमेरिकेत गेला. तिथल्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन वस्त्यांतून माणसं गोळा करून त्यानं १८९० साली शिकागोत एक मिशन उभं केलं, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. १९४९ नंतर त्याचं नाव बदललं, लोक त्याला ‘टीम’ म्हणू लागले. खुद्द स्वीडनमधूनही एक अलायन्स मिशन आलं. विसाव्या शतकाच्या आरंभी ही मंडळी खानदेशात पोचली. १९०६ साली सरकारनं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले; भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे अमेरिकन ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं, आणि धुळे, नंदुरबार, नवापूरकडे या उत्तरेकडच्या लोकांचं. शेतकरी घरांतली, बर्फातली माणसं. मे महिन्यात त्यांचे चेहरे बिटासारखे लाल व्हायचे, असं आई सांगायची. नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल आजही ते जुनं नाव लावून उभं आहे.

बाबा मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथला दिवस पहाटे सुरू व्हायचा. प्रार्थना, मग शेतात पाणी भरणं, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शेत, रात्री पुन्हा प्रार्थना. हुशार मुलांना सातवीपर्यंत नेऊन व्हर्नाक्युलर फायनलला बसवायचे. त्या काळी ही परीक्षा पास झालेला माणूस मास्तर, तलाठी, कारकून काहीही होऊ शकत होता. बाबा पास झाले. नंतर बायबल शाळेत त्यांना वचनं, उपदेश कसा करायचा, पेटी कशी वाजवायची आणि जखम कशी धुवायची हे सगळं शिकवलं गेलं. सगळं मराठीतून. तिथून बाहेर पडताना त्यांच्या हातात शास्त्र, खडूचा डबा आणि आयोडिनची बाटली होती. मला वाटतं, गावात काम करणाऱ्या माणसासाठी यापेक्षा नेटकं शिक्षण मी पुढे कुठेच पाहिलं नाही, आणि मी नंतर बऱ्यापैकी मोठ्या संस्थेत शिकलो.

पाड्यावरच्या आईबापांनी मुलं शाळेत घातली ती ख्रिस्तासाठी नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. ती सावकाराच्या पावतीसाठी घातली होती. पावसाळ्यात नागली संपली की धान्य उचलायचं, कागदावर अंगठा द्यायचा आणि सुगीत काय लिहिलंय ते सावकारानंच वाचून दाखवायचं, असा व्यवहार. पहिल्या पिढीतला एक मुलगा जोडाक्षरांपर्यंत पोचला आणि त्यानं बापाची पावती भर बाजारात मोठ्यानं वाचली. त्यात जो आकडा निघाला त्यावरून पुष्कळ गलका झाला. पुढच्या जूनमध्ये पट दुप्पट झाला म्हणे. बाबा ही गोष्ट सांगताना हसायचे आणि म्हणायचे, ‘उपदेश मी वर्षभर केला, पट पावतीनं वाढवला.’

त्या खोलीत शिकलेले सगळे काही ख्रिस्ती झाले नाहीत. निम्म्याहून अधिक घरं डोंगऱ्या देवाचीच राहिली. मार्गशीर्षात त्या देवाचे भक्त, म्हणजे माउल्या, नाचत दारावरून जायच्या तेव्हा बाबा आम्हाला आत बोलवायचे. पावरीचा आवाज रात्रभर डोंगरातून यायचा आणि आम्ही गोधडीत पडून ऐकायचो. बाबांचे वडील स्वतः पावरी वाजवायचे. घरात ती पुन्हा कधी आली नाही. मिशननं जे दिलं त्याचा हिशेब मांडायचा तर हीही बाजू लिहायला हवी. पावरीत देवाविरुद्ध काय होतं, हे मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. आता तर काही ख्रिस्ती मंडळ्यांत नाताळाला पावरी वाजते. माझ्या डोळ्यांदेखत हा बदल झाला. बाबांना तो आवडला असता की नाही, सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर मी या सगळ्याचा मागचा इतिहास वाचू लागलो. पिंपळनेरहून सटाण्यावरून नाशिकला एसटीनं जायचं, ग्रंथालयात बसायचं, मुक्कामाला भाचीकडे. आणि मला सतत एकच गोष्ट दिसत गेली, की मास्तर आणि पाळक हा जोड काही आमच्या पाड्यावरची काटकसर नव्हती. तो सुरुवातीपासूनचाच बेत होता. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. दोन वर्षांत त्यांची मुलांची शाळा सुरू झाली, १८२४ साली मुलींची. हॉल पुढे नाशिककडे फिरतीवर असताना १८२६ मध्ये पटकीनं वारले. जॉन विल्सन १८२९ साली आले, आणि १८३२ साली त्यांनी काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झालं. देऊळ बांधण्याआधी शाळा, आणि शाळेतूनच पुढचे उपदेशक, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला, आणि चुकला ते फार बरं झालं. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, आणि १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. अहमदनगरला सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेची कल्पना पक्की झाली, आणि सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण त्या बाईंकडे झालं असं त्यांचे चरित्रकार लिहितात. म्हणजे मिशन शाळेचं सगळ्यात मोठं फळ मिशनच्या झाडाला लागलंच नाही. आमच्या पाड्यावर पावती वाचणारा तो मुलगाही कधी उपासनेला आला नव्हता.

नाशिकच्या शरणपुरातली एक हकीकत मात्र मी वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. आज शरणपूर रोडला हॉटेलं आणि दवाखाने आहेत. तिथे एकेकाळी अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आणून ठेवत, शिकवत, सुतारकाम-लोहारकाम देत. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७२ साली तो डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीतून आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, प्रेत वाळवलं आणि कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. काळीज पुरताना तिथे ना पाळक होता ना बिशप. प्रार्थना वाचली ती जेकबनं, कारण वाचता येणारा तो होता. झाडावर नावही त्यानंच कोरलं. पुढे १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. नाशिकच्या शाळेतला पोरगा! बाबांनी पाड्यावर किती मयतींत असंच उभं राहून वाचलं असेल. दीक्षित पाळक धुळ्याहून येईपर्यंत माती थांबत नाही.

आमच्याकडे हा जोड तुटला तो माझ्याच शाळकरी वयात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. थोड्याच काळात ओढ्यापलीकडे परिषदेची शाळा सुरू झाली. पत्र्याची, दोन खोल्यांची, पुस्तकं फुकट. त्यामागे राज्यघटनाही होती: सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, आणि अनुदानित शाळेत ते कुणावर लादायचं नाही, असं २८ वं कलम सांगतं. मी ते कलम पुढे डी.एड.ला पाठ केलं. ते बरोबरच आहे. पाच वर्षांच्या मुलाला अ आ इ बरोबर दुसरं काही गळी उतरवू नये, हे मला मास्तर म्हणून पटतं. पण ते कलम ज्या खोलीवर येऊन पडलं ती माझ्या बापाची होती, त्यामुळे मला ते इतक्या सरळ वाचता येत नाही.

शिक्षण खात्याचे एक साहेब आले. जुने लोक अजून त्यांना दिपोटीच म्हणायचे. त्यांनी बाबांची शाळा पाहिली, मुलांकडून पाढे म्हणून घेतले, खूश झाले आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही अर्ज करा, परिषदेत घेऊ. फक्त मिशनचं काम सोडावं लागेल. बाबांनी विचारायला वेळ मागितला. रात्री आईशी बोलणं झालं ते आम्ही ऐकलं. आईचं म्हणणं सोपं होतं: पगार दुप्पट आहे, म्हातारपणी पेन्शन आहे, मुलं पाच आहेत. बाबा म्हणाले, ‘शाळेला आता दुसरा मास्तर मिळेल. मंडळीला कोण?’ त्यांनी अर्ज केला नाही. जूनमध्ये आमची सगळी पोरं ओढ्यापलीकडे गेली. मीही गेलो. फळ्याची पाढ्यांची बाजू तेव्हापासून कोरी राहिली.

आईबद्दल दोन वाक्यं लिहितो, कारण अहवालात ती कधी नव्हती. मुलींच्या बोर्डिंगात शिकलेली, अक्षर बाबांपेक्षा सुंदर. पाड्यावरच्या बायकांना ती दुपारी वाचायला शिकवायची, बाळंतपणाला जायची, आणि हे सगळं दोघांत एका पगारावर.

मी १९७३ साली मॅट्रिक झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक. ते दुष्काळाचं वर्ष होतं. सुट्टीत मी दुष्काळी खडी कामावर होतो, आणि मिलोची लाल भाकरी खाऊन अभ्यास केला होता. बाबांची इच्छा होती की मी सेमिनरीत जावं. माझी फार नव्हती, पण नाहीही म्हणवलं नाही. यवतमाळला जायचं ठरलं, युनियन बिब्लिकल सेमिनरीत.

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून शकुंतला धरायची. नॅरो गेज, कोळशाचं इंजिन, ब्रिटिशांनी वऱ्हाडातला कापूस वाहायला घातलेली लाईन. ती इतकी सावकाश जायची की मधल्या स्टेशनावर एक जण उतरून ऊस तोडून पुढच्या डब्यात चढला, हे मी स्वतः पाहिलंय. या गाडीत मला प्रथमच कळलं की सेमिनरी ही बायबल शाळेसारखी गोष्ट नाही. शेजारी बसलेला मुलगा मिझोरमचा होता. त्याच्याजवळ गिटार होती. आम्हा दोघांना एकमेकांचं काहीच समजत नव्हतं, आणि जिथं चाललो होतो तिथं दोघांना इंग्रजीतून शिकायचं होतं.

यवतमाळला आधी फ्री मेथडिस्ट मिशनची मराठी बायबल शाळा होती, बाबांनी केली तशाच जातीची. १९५३ साली अनेक मिशनांनी एकत्र येऊन तिथे अखिल भारतीय सेमिनरी उभी केली. तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेशात होतं, आणि त्याच सुमाराला तिथल्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती नियोगींची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. परदेशी माणसं पुढे कमी होत जाणार, तेव्हा भारतीय शिक्षित पाळक तयार झाले पाहिजेत, हे सगळ्यांना दिसत होतं. नागालँड, केरळ, ओरिसा, आंध्र, सगळीकडून मुलं यायची. अशा ठिकाणी इंग्रजीशिवाय इलाज नव्हता. मराठीत शिकवलं असतं तर मिझो मुलानं काय करायचं? त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही. पण वर्गात बसून ग्रीक क्रियापदांची रूपं इंग्रजीतून पाठ करताना मला आमचा पाडा दिसायचा आणि मी विचार करायचो, यातलं मी तिथे कुठल्या भाषेत सांगणार.

हा वाद माझ्या डोक्यात आला तेव्हा मला वाटलं तो माझाच आहे. पुढे वाचलं तर दीडशे वर्षं जुना निघाला. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी आणि सोबत्यांनी १८१८ साली कॉलेज काढलं ते देशी भाषांवर भर देऊन. केरीनं मराठीचा कोश १८१० साली छापला, तोही मोडी अक्षरांत. १८३० साली कलकत्त्यात अलेक्झांडर डफ आले आणि त्यांनी इंग्रजीची वाट धरली. इंग्रजीला गिऱ्हाईक होतं, नोकरी होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा रस्ता खुला केला, तेव्हा शहरांतल्या मिशन हायस्कुलांची भरभराट झाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी साक्ष दिली ती याच दुखण्यावर बोट ठेवून: पैसा वरच्या शिक्षणावर जातो, शेतकऱ्याच्या पोराच्या प्राथमिक शाळेवर जात नाही. ते सरकारबद्दल बोलत होते. मिशनांनीही ते ऐकायला हरकत नव्हती.

मराठी वाट बंद पडली होती असं मात्र नाही. अहमदनगरची सेमिनरी मराठीतून चालायची. नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले आणि नगरला जाऊन तिथल्या सेमिनरीत शिकवू लागले. यवतमाळच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं एक लहानसं कपाट होतं. त्यात टिळक, बाबा पदमनजी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ग्रीकचा कंटाळा आला की मी त्या कपाटाशी जायचो. लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचताना मी हसलो म्हणून ग्रंथपालांनी मान वर करून पाहिलं होतं. थिऑलॉजीच्या खोलीत हसणारा विद्यार्थी त्यांना बहुधा क्वचित भेटला असावा.

माझ्या खोलीत नगर जिल्ह्यातला एक मुलगा होता. त्याचे आजोबा महार, ख्रिस्ती झालेले. त्याच्याकडून मला एक गोष्ट कळली जी आमच्या डोंगरात कुणाला ठाऊक नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. आदिवासीच्या जात नाहीत. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. तो आणि मी एका टेबलावर जेवत होतो, एकाच शास्त्रातून शिकत होतो आणि आमच्या हातातल्या दाखल्यांची किंमत वेगळी होती. तो एकदा म्हणाला, ‘तुला परतीचं तिकीट आहे रे.’ त्यात राग नव्हता. पण त्याचं ते बोलणं मी विसरलो नाही, कारण ते तिकीट मी वापरलं.

अभ्यासक्रम पुरा करून घरी आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मिशनची परदेशी माणसं एकेक करून निघून जात होती आणि त्यांच्याबरोबर पैसाही. प्रचारकांचे पगार वेळेवर होईनात. बाबा रविवारी उपदेश करत होते आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या शेतात कांदे लावत होते. मला मंडळी मिळाली असती. पण तिच्यावर माझं आणि त्यांचं, दोघांचं पोट चाललं नसतं. मी धुळ्याला डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेत लागलो. नेमणुकीचा कागद घेऊन आलो तेव्हा बाबांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. ‘बरं झालं,’ म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘रविवार तुझाच आहे.’

रविवार मी ठेवला. फक्त एक नियम स्वतःला घालून घेतला: ज्या गावात माझी शाळा, त्या गावात उपदेश करायचा नाही. वर्गातलं एक पोर मंडळीत दिसतं आणि दुसरं दिसत नाही, हे मला कळता कामा नये असं वाटायचं. मास्तरच्या डोळ्यात थोडा जरी फरक आला तरी पोराला समजतो. त्यामुळे शनिवारी दुपारी सायकल काढून दुसऱ्या पाड्यावर जायचं आणि रविवारी रात्री परत. बाबांनी एका खोलीत जे केलं ते करायला मला दोन गावं आणि एक सायकल लागली. त्यांना माझा हा नियम हास्यास्पद वाटायचा. ‘पोरांना मी कधी वेगळं धरलं?’ असं ते विचारायचे, आणि खरंच, डोंगऱ्या देवाच्या घरातल्या पोरांनी त्यांच्या मयतीला खांदा दिला.

मला पेन्शन आहे. त्यांना नव्हती. शेवटच्या वर्षांत औषधपाणी माझ्या पगारावर झालं, म्हणजे त्यांनी ज्या सरकारी नोकरीचा अर्ज केला नाही तीच नोकरी अखेर त्यांच्या कामी आली. आईनं हे बोलून दाखवलं. बाबांनी दाखवलं नाही.

यवतमाळची सेमिनरी १९८३ साली पुण्याला, बिबवेवाडीला गेली. माझ्या वर्गातले काही जण आता मोठ्या पदांवर आहेत, काही परदेशी मंडळ्यांत. जे खेड्यात परतले ते थोडे, आणि त्यांना मी ओळखतो, कारण त्यांचे फोन येतात. तक्रार एकच असते: तयार झालो पंधरा-वीस पुस्तकांच्या उताऱ्यांवर, आणि मंडळी विचारते, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं. बाबांना बायबल शाळेत ग्रीक शिकवलं नव्हतं, पण सातबारा वाचता येत होता. आता दुसऱ्या टोकाला दोन-तीन महिन्यांचे प्रशिक्षण वर्गही निघालेत, त्यातून आलेली मुलं उत्साहानं बोलतात आणि ‘र्‍हस्व-दीर्घ काय असतं सर’ म्हणून हसतात. मला ते खटकतं. शास्त्र मोठ्यानं वाचणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

आमच्या पाड्यावर आता सिमेंटचं मंदिर आहे, वर पांढरा क्रूस, स्पीकर. ओढ्यापलीकडची परिषदेची शाळा आहे, पण पट घसरलाय. ज्यांना परवडतं ते पिंपळनेरच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत पोरं बसवतात. पाळकसाहेबांचीही दोन्ही त्याच गाडीत जातात.

मागच्या उन्हाळ्यात पाड्यावरचा एक मुलगा माझ्याकडे आला. पावती वाचणाऱ्या त्या पोराचा नातू. त्याच्या बापानं अलीकडे ख्रिस्ती मार्ग धरलाय. मुलाला सेमिनरीत जायचं होतं, अर्जावर शिफारस हवी होती. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि बऱ्याच गोष्टी सांगितल्या. मराठीतून शिकवणारी जागा बघ म्हटलं. आणि आधी डी.एड. करून घे, हातात मास्तरकी असली की मंडळीवर पोट अवलंबून राहत नाही, आणि लोकांच्या उपयोगी पडता येतं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘सर, डी.एड. झालंय,’ तो म्हणाला. ‘टीईटी पण पास आहे. पवित्र पोर्टलवर नाव टाकून वर्षं गेली, भरतीत नंबरच लागत नाही. म्हणून तर तिकडे चाललोय.’

मी चष्मा शोधला आणि त्याच्या अर्जावर सही केली.